वाडी मुलाच्या नांवें करण्यापूर्वीं

श्रीवर्धनकडील सुपारीच्या वाडीचा वृद्ध मालक पुष्कळदां हयातींतच ती बक्षीसपत्रानें मुलास देऊन मोकळा होतो. मृत्युपत्र मरेपर्यंत हवें तेव्हां बदलतां येतें. नोंदलेलें बक्षीसपत्र मात्र केवळ मन पालटलें म्हणून मागें घेतां येत नाहीं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमानें एक वाट ठेविली आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण परत मिळवून देऊं शकतें. पण लेकाशीं करार कसला, या भिडेपोटीं ती अट लिहिलीच जात नाहीं. आणि अट होती हें सिद्ध झालें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. म्हणून अन्नवस्त्र, औषधपाणी व राहती खोली यांचा उल्लेख दस्तांतच करवून घ्यावा.