सिंकाखालचें कपाट

वसईच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी म्हणून जी मोठी वसाहत आहे, तींत तळमजल्यावर आमचें बिऱ्हाड आहे. लहानथोर मिळून सात माणसें. जुलै २०१८ मध्यें वसई-विरार जलमय झालें, तेव्हां आमच्याहि घरांत घोटाभर पाणी शिरलें. पाणी ओसरलें, पण ओट्याखालील प्लायवूडचें कपाट तें विसरलें नाहीं. त्याचा तळ फुगला, पापुद्रे सुटले, आणि सिंकाखालीं कोंदट वास कायमचा वस्तीस आला. मीं पुष्कळ दिवस डागडुजीवर निभावलें. अखेर एके सकाळीं सूनबाईंनीं हात घालतांच तळाची फळी भुगा होऊन खालीं आली आणि तेलाचा डबा लवंडला. तेव्हां स्वयंपाकघराचें काम एकदांचें काढलें.

पहिला प्रश्न उंचीचा. आमच्या सौभाग्यवतींचें माहेर आणि सासर दोन्हीं मोरीचीं. उकिडवें बसून राखेनें भांडीं घासण्यांत त्यांचें तारुण्य गेलें आणि गुडघेहि त्याच खातीं जमा झाले. सूनबाई त्यांच्याहून अर्ध्या फुटानें उंच. जुना ओटा तेहतीस इंचांचा. त्यावर वाकून सूनबाईंची कंबर दुखे, आणि तो फार उंच करावा तर सासूबाईंचे खांदे भरून येणार. दोघीहि एकमेकींसाठीं ‘मला चालेल’ म्हणत, आणि त्या सौजन्यापायीं कोणाचेंच खरें दुखणें बाहेर येईना.

शेवटीं मीं टेप घेऊन दोघींस भिंतीशीं उभें केलें. साधारण नियम असा कीं कोपर दुमडलें असतां त्याची जमिनीपासून जी उंची भरते, तिच्याहून चार ते सहा इंच खालीं ओटा असावा. पण हा नियम चिरण्या-मळण्याचा. भांडीं घासतांना हात सिंकाच्या काठावर नसतात, तळाशीं असतात; नऊ इंच खोल सिंक घेतलें कीं काम नऊ इंच खालीं जातें. चाळीस वर्षांच्या संसारांत ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती, कारण भांडीं मीं कधीं घासलीं नव्हतीं! आम्हीं ओटा एकच इंच वाढविला आणि सिंक नवाऐवजीं सात इंच खोल घेतलें. तळ तीन इंच वर आला. सासूबाईंसाठीं मीं एक पाट करवूं म्हटलें, तर पाय घसरेल म्हणून त्यांनीं तो बेत मोडला. “एक इंच मला चालेल,” म्हणाल्या. या वेळीं तें खरें असावें.

सिंकाचें पोलाद ३०४ क्रमांकाचें पाहून घेतलें. त्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. क्रोमियममुळें पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो व गंजास अटकाव होतो. मात्र खारट पाणी वरच्यावर वाळूं दिल्यास तोहि हार खातो. म्हणून रात्रीं सिंक पुसून कोरडें करण्याचें काम मीं आपल्याकडे घेतलें आहे.

कपाटाच्या बाबतींत पुराचा धडा होताच. उभे आधार कडप्प्याचे केले, दारें पी. व्ही. सी. ची लाविलीं, आणि तळ जमिनीपासून सहा इंच वर घेतला. ज्यांस प्लायवूडच हवें असेल त्यांनीं त्यावर आय. एस. ७१० हा शिक्का आहे कीं नाहीं तें पाहावें. साधें प्लायवूड सिंकाखालीं फार दिवस टिकत नाहीं.

चूक मात्र माझी झाली. मीं सुतारास आधीं बोलाविलें आणि प्लंबरास नंतर. सुतारानें पाठीची फळी भिंतीशीं पक्की केली. मग प्लंबरचा हात अँगल कॉकपर्यंत पोंचेना. ती फळी काढावी लागली आणि दीड दिवसाची मजुरी फुकट गेली. आतां कपाटास पाठच नाहीं. उद्यां नळ गळला तर मध्यरात्रींहि घरांतील कोणासहि पाणी बंद करतां येईल.

सिंकाची नळी जेथें जमिनींत उतरते त्यास कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. संस्कृत ‘स्नान’, त्यापासून ‘न्हाणें’, त्याची ‘न्हाणी’. आणि हा आपला शब्द इंग्रजी सरकारी मानकांतूनहि जाऊन बसला आहे! आंत पाणी साठून राहतें, तेंच गटाराच्या वासास अडवितें. नळास बांक देऊन पाण्याचा असा अडसर करण्याची युक्ति अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ मध्यें लंडन येथें पेटंट करविली. घर महिनाभर बंद राहिलें तर हें पाणी आटतें व वास येऊं लागतो. अशा वेळीं औषधें ओतण्यापूर्वीं दोन तांबे पाणी ओतून पाहावें.

शेवटीं परीक्षा. सिंक कांठोकांठ भरलें, सांध्यांखालीं कोरडें वर्तमानपत्र पसरलें आणि बूच काढलें. कागदावर एक थेंब पडला. रबरी वायसर उलटा बसला होता. तो सुलटा करून पुन्हां तीनदां सिंक भरलें, तेव्हां कागद कोरडा राहिला. मग सूनबाईंनीं पहिलें पातेलें घासावयास घेतलें आणि सासूबाई शेजारीं उभ्या राहून तें विसळूं लागल्या.