पेन्सिलीने लिहिलेले नाव

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ची माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. आधीच्या मालकाने सुरुवातीच्याच एका पानावर, समासात, एका पात्राच्या नावापुढे पेन्सिलीने ‘हाच चोर’ असे लिहून ठेवले होते. रहस्यकादंबरीच्या वाचकाचा याहून मोठा घात कोणता? चिडून पुस्तक मिटले. पण पैसे मोजले होते, म्हणून पुन्हा उघडले. आणि नाव ठाऊक असूनही गोडी तसूभर कमी झाली नाही. पेन्सिलवाल्याचे म्हणणे अर्धेच खरे होते, हे पुढे कळले. पण त्याआधीच एक प्रश्न मागे लागला. उत्तर माहीत असताना जी रहस्यकथा आनंद देते, तिचा आनंद नेमका असतो कशात?

ही कादंबरी १८६८ साली जानेवारी ते ऑगस्ट या काळात, चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यॉर्कशरमधल्या एका श्रीमंत घरात रेचल व्हेरिंडर या तरुणीला वाढदिवसाला एक हिंदुस्थानी हिरा भेट मिळतो आणि त्याच रात्री तो नाहीसा होतो. लंडनहून सार्जंट कफ येतो. गुलाबांचे वेड असलेला हा हडकुळा पोलीस पुढच्या असंख्य डिटेक्टिव्हांचा पूर्वज ठरला.

त्याच्या कामाची रीत पाहा. रेचलच्या खोलीचे दार नुकतेच रंगवलेले आहे आणि रंगावर एके ठिकाणी पुसट फराटा उठला आहे. स्थानिक पोलीस अधिकारी तो नोकरांच्या घाघऱ्यांवर ढकलून मोकळा होतो. कफ मात्र विचारतो : रंग कधी दिला? दुपारी तीनला. वाळायला किती वेळ लागतो? बारा तास. म्हणजे पहाटे तीननंतर फराटा उठणे शक्य नाही. मध्यरात्रीच्या सुमारास एका मोलकरणीने दार पाहिले तेव्हा रंग जसाच्या तसा होता. मग मधल्या तीन तासांत कोणाचे तरी वस्त्र त्या दाराला घासले आहे. ते वस्त्र शोधा!

ही तोंडी हिशेबाची गोष्ट आहे. कफजवळ असलेली सगळी माहिती आपल्याजवळही असते. १९२९ साली रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, हा त्यांतला एक. कॉलिन्सने हा प्रामाणिकपणा साठ वर्षे आधीच पाळला होता. त्याने कथा एकाच्या तोंडून सांगितली नाही. म्हातारा कारभारी, धर्माचे अवडंबर माजवणारी एक गरीब नातलग, वकील, डॉक्टरचा मदतनीस असे एकेक जण साक्षीला येतात. अट एकच : आपण स्वतः जे पाहिले, जेवढे तेव्हा ठाऊक होते, तेवढेच सांगायचे.

दुसऱ्या वाचनात या अटीची खरी गंमत कळते. वाढदिवसाच्या जेवणात एका पाहुण्याची आणि डॉक्टरची औषधांवरून खडाजंगी होते. पहिल्या वेळी मी हसून पान उलटले. दुसऱ्या वेळी त्याच पानावर थबकलो. रहस्याची किल्ली भर मेजवानीत, सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवली होती. कॉलिन्सने काही लपवले नव्हते. मीच पाहिले नव्हते.

का पाहिले नव्हते, हे शोधू लागलो तेव्हा थोडा ओशाळलो. घरात रोझॅना नावाची मोलकरीण आहे. पूर्वी चोरीपायी शिक्षा भोगलेली, एक खांदा वाकडा, दिसायला सामान्य. तिला मन असेल आणि ते कोणावर जडले असेल, हे तिथल्या साहेबलोकांच्या ध्यानात येत नाही, तसे ते माझ्याही आले नाही. तिचे पत्र उघडेपर्यंत निम्मी कादंबरी उलटते. डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज मिश्र रक्ताचा, वसाहतीत जन्मलेला, चमत्कारिक दिसणारा; गावाचा त्याच्यावर विश्वास नाही. गुंता सोडवतो तो हाच. तापात बरळणाऱ्या डॉक्टरचे तुटक शब्द तो मध्ये जागा सोडून कागदावर लिहितो आणि मग एकेक जागा भरत जातो. तो दुखण्यापायी अफू घेतो. कॉलिन्सलाही संधिवाताच्या वेदनांपायी अफूच्या अर्काची सवय जडली होती.

नजरेच्या या दोषाची खरी किंमत इंग्लंडने नुकतीच पाहिली होती. १८६० साली विल्टशरमधल्या रोड या गावी एका सुखवस्तू घरातल्या लहान मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर तिथे गेला. एक रात्रवस्त्र नाहीसे झाले आहे, एवढ्या धाग्यावरून त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला. हलक्या घरातून आलेल्या पोलिसाने कुलीन मुलीवर बोट ठेवावे, हे लोकांना सोसले नाही. ती सुटली, व्हिचरची छीथू झाली. १८६५ मध्ये तिने स्वतः गुन्हा कबूल केला. तोवर व्हिचर यार्डातून निवृत्त झाला होता. ते वस्त्र आणि तो पोलीस, दोन्ही तीन वर्षांनी ‘मूनस्टोन’मध्ये उतरले. मात्र कॉलिन्सने कफलाही एकदा चुकू दिले आहे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट तर कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात आहे. १७९९, श्रीरंगपट्टण पडले आहे. जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी टिपूच्या कोठारात उभा आहे. हातात रक्ताळलेला खंजीर, त्याच्या मुठीत तो हिरा, भोवती हिऱ्याचे हिंदुस्थानी राखणदार मरून पडलेले. हा हिरा मुळात सोरटी सोमनाथच्या चंद्रदेवाचा. पुढची शेकडो पाने एका इंग्रज घरात ‘हिरा कोणी चोरला?’ असा शोध चालतो आणि मी, हिंदुस्थानी वाचक, त्यात मान खाली घालून सामील होतो! हिरा परत न्यायला आलेल्या तीन ब्राह्मणांकडे मीही संशयाने पाहिले. सत्तावनच्या उठावाला जेमतेम अकरा वर्षे झाली असताना एका इंग्रज लेखकाने हे लिहिले, याचे मला आजही नवल वाटते.

अशा कादंबरीचा आनंद माझ्या लेखी हा आहे : आपली नजर कोणाला पाहते आणि कोणाला वगळते, हे ती हसतखेळत पकडून देते. हा आनंद गुन्हेगाराच्या नावाने संपत नाही. म्हणून ते नाव मी इथेही सांगितलेले नाही.

पेन्सिलीची ती खूण मी खोडली नाही. फक्त श्रीरंगपट्टणच्या पानावर, हर्नकॅसलच्या नावापुढे, माझ्या पेन्सिलीने आणखी दोन शब्द लिहिले : ‘हाही चोर’.