दात्याच्या पारपटलाला पर्याय

डोळ्याच्या दर्शनी भागावर, बुबुळाच्या पुढे, घड्याळावरील काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया असे म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशकिरणांना वळवून आतील पडद्यावर एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हे पारपटलच करते. कणसाचे कूस डोळ्यात जाणे, चुन्याने डोळा भाजणे, जंतुसंसर्ग, बालवयातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव अशा अनेक कारणांनी ते दुधाळ होते. डोळ्यात फूल पडले असे लोक म्हणतात ते हेच. अशा वेळी डोळ्याचा आतील भाग निरोगी असूनही माणूस आंधळा होतो. घर शाबूत असावे आणि खिडकीच तेवढी गढूळ व्हावी, तशी ही अवस्था असते.

ही खिडकी बदलता येते, हे १९०५ साली सिद्ध झाले. त्या वर्षी ७ डिसेंबर रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड त्सिर्म या शल्यचिकित्सकाने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पारपटलाचे रोपण केले. ते पारपटल एका अकरा वर्षांच्या मुलाच्या, इजा झाल्यामुळे काढाव्या लागलेल्या डोळ्याचे होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात ओडेसा येथील व्लादिमीर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीचे पारपटल वापरण्याची पद्धत रूढ केली आणि नेत्रदानाच्या आधुनिक कल्पनेला आधार मिळाला. भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे निघाली. तत्कालीन मुंबई राज्याने १९५७ साली पारपटलाच्या रोपणासाठी स्वतंत्र कायदा केला.

शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारत गेले, तरी एक अडचण मुळातच राहिली. प्रत्येक रोपणासाठी कोणाचा तरी मृत्यू व्हावा लागतो, आप्तांनी शोकाच्या घडीला संमती द्यावी लागते आणि साधारणतः सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. शीतपेटीत जपलेले पारपटल सुमारे दोन आठवडेच उपयोगी राहते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार १ कोटी २७ लाख लोक रोपणाच्या प्रतीक्षेत होते, आणि सत्तर रुग्णांमागे एक पारपटल उपलब्ध होते. उपचार ठाऊक असूनही अंधत्व टळत नाही, याचे कारण ही टंचाई होय.

तेव्हा कृत्रिम पारपटल का बनवू नये, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. तो नवा नाही. १७८९ साली पेलिए द केंग्झी या फ्रेंच वैद्याने चांदीच्या कड्यात बसवलेली काचेची चकती सुचवली होती. परंतु काच पारदर्शक असली तरी जिवंत नसते. भोवतालच्या ऊतींशी ती एकजीव होत नाही. शरीर तिला हळूहळू बाहेर ढकलते किंवा तिच्या कडेने जंतू आत शिरतात. प्लॅस्टिकची सुधारित कृत्रिम पारपटले आज उपलब्ध आहेत. मात्र रोपण वारंवार निष्फळ ठरलेल्या डोळ्यांसाठीच ती मुख्यतः वापरली जातात आणि रुग्णाला दीर्घकाळ देखरेखीखाली राहावे लागते.

याचे मर्म पारपटलाच्या रचनेत आहे. त्याचे तीन मुख्य स्तर मानता येतील. सर्वांत बाहेर पेशींचे पातळ आवरण असते. ते सतत झिजते आणि पारपटलाच्या कडेला वसणाऱ्या मूलपेशींकडून सतत भरून निघते. मधला स्तर सर्वांत जाड असून तो कोलॅजन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू इतक्या नियमित अंतरावर रचलेले असतात की प्रकाश विखुरला न जाता आरपार जातो. सर्वांत आत पेशींचा एकेरी थर असतो. मधल्या स्तरात झिरपणारे पाणी तो अखंड बाहेर उपसतो. हे काम थांबले की पारपटल फुगून धूसर होते. मानवी शरीरात या आतल्या पेशी नष्ट झाल्यास पुन्हा वाढत नाहीत. अर्थात, पारपटलाला पर्याय शोधणे हा एक प्रश्न नसून ते तीन प्रश्न आहेत, आणि ऊती-अभियांत्रिकीने ते वेगवेगळे हाताळले आहेत.

मधल्या स्तरासाठी कोलॅजनच उपयोगात आणावे, अशी दिशा मे ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरली. मानवी कोलॅजनचे जनुक यीस्टमध्ये घालून त्यांनी ते प्रथिन मिळवले आणि त्यापासून पारपटलाच्या आकाराची पारदर्शक चकती घडवली. स्वीडनमधील दहा रुग्णांवर ती बसवण्यात आली आणि दोन वर्षांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. चकतीत एकही जिवंत पेशी नव्हती. तरीही रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तीत शिरल्या आणि मज्जातंतूही पुन्हा वाढले. दहापैकी सहा जणांची दृष्टी सुधारली. मात्र चकती मऊ होती. तिला धरून ठेवणाऱ्या टाक्यांमुळे बाहेरचे आवरण भरून येण्यास विलंब झाला आणि काही ठिकाणी ती पातळ झाली.

पुढचा टप्पा या दोषावर मात करण्याचा होता. मेहरदाद रफत आणि नील लगाली यांच्या गटाने डुकराच्या कातडीतील शुद्ध केलेले कोलॅजन निवडले. ते मुबलक मिळते, आणि त्याचे रेणू रासायनिक रीतीने दुहेरी सांधून पुरेसे बळकट करता येतात. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि इराणमध्ये मिळून वीस रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला. या सर्वांना केराटोकोनस हा विकार होता. त्यात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. रुग्णाचे पारपटल न काढता त्यातच एक कप्पा करून कोलॅजनची चकती आत सरकवण्यात आली. त्यामुळे टाके घालावे लागले नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार शस्त्रक्रियेपूर्वी अंध गणल्या गेलेल्या चौदा जणांपैकी दोन वर्षांनंतर कोणीही अंध राहिला नव्हता. भारतातील तिघांची दृष्टी काँटॅक्ट लेन्स लावल्यावर अगदी स्वाभाविक ठरली. शिवाय ही चकती वापरापूर्वी दोन वर्षांपर्यंत साठवून ठेवता येते. नेत्रपेढीपासून दूर असलेल्या रुग्णालयाच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे.

बाहेरच्या आवरणासाठी गरज असते ती मूलपेशींची. १९९७ साली इटलीत ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवल्या आणि त्या भाजलेल्या डोळ्यावर बसवल्या. या उपचाराला युरोपात २०१५ साली मान्यता मिळाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंदर संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली याहून सोपी रीत मांडली. तीत त्या तुकड्याचे बारीक कण थेट डोळ्यावर, गर्भावरणाच्या पातळ पापुद्र्यावर ठेवतात, आणि पेशी तेथेच वाढतात. महागड्या प्रयोगशाळेची आवश्यकता राहत नाही.

आतल्या थराचा प्रश्न सर्वांत अवघड होता. क्योतो येथील शिगेरू किनोशिता यांच्या गटाने दात्याच्या पारपटलातील या पेशी शरीराबाहेर वाढवून त्या सुईने डोळ्यात सोडल्या. पेशी योग्य जागी चिकटाव्यात म्हणून रुग्णाला तीन तास पालथे निजवले जाते. अकरा रुग्णांवरील निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि २०२३ साली जपानने या उपचाराला मान्यता दिली. एका दात्याच्या पेशी अशा रीतीने अनेकांच्या उपयोगी पडू शकतात.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पर्याय यशस्वी ठरला तो निसर्गाची हुबेहूब नक्कल केली म्हणून नव्हे, तर शरीराला स्वतःची दुरुस्ती करण्यास आधार दिला म्हणून. त्याचबरोबर त्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. कोलॅजनच्या चकतीचे यश आतला थर निरोगी असलेल्या मोजक्या रुग्णांवरचे आहे. किनोशितांच्या उपचारालाही मूळ पेशी दात्याकडूनच घ्याव्या लागतात. तिन्ही स्तर एकाच वेळी नष्ट झालेल्या डोळ्याला आजही दात्याच्या संपूर्ण पारपटलाचाच आधार आहे. म्हणून ही नवी साधने नेत्रदानाची गरज संपवीत नाहीत. ज्यांचे काम एका स्तरावर भागते त्या रुग्णांना ती रांगेतून बाहेर काढतात, आणि जे दुर्मीळ पारपटल हाती येते ते, ज्याला दुसरा उपायच नाही अशा माणसासाठी राखून ठेवण्याची सोय करतात.