‘क्यू’नंतर ‘यू’ हवाच का?

इंग्रजी स्पेलिंगचा एक नियम शाळेत फार लवकर शिकवला जातो: ‘क्यू’ आला की त्याच्या पाठोपाठ ‘यू’ येणारच. क्वीन, क्विक, क्वाएट, क्वीअर, इक्वल हे पाच अक्षरांचे शब्द तो पाळतात, म्हणून नियम पक्का वाटतो. पुढे शब्दकोडी किंवा स्क्रॅबल खेळताना त्याचा ठाम दावा बनतो: ‘यू’ला सोडून राहणारा ‘क्यू’ इंग्रजीत नाहीच; असलाच तर कतार किंवा इराकसारख्या देशनामांत.

हा दावा चुकीचा आहे, आणि कोणताही मोठा कोश उघडून तो तपासता येतो. भारतासह बहुतेक देशांतल्या इंग्रजी स्क्रॅबल स्पर्धांत ‘कॉलिन्स स्क्रॅबल वर्ड्स’ ही शब्दसूची प्रमाण मानतात. तीत विशेषनामे घेत नाहीत, त्यामुळे कतार आणि इराक आपोआप बाद होतात. तरीही पाच अक्षरांचे कितीतरी शब्द उरतात. ‘क्यू’ पहिला असलेले कनात, किब्ला आणि कोर्मा. तिसरा असलेले फकीर आणि निकाब. चौथा असलेला बुरखा. शेवटचा असलेले तलाक, ट्रँक आणि उमियाक. चार अक्षरांत काझी आणि वक्फ आहेत. दोन अक्षरांत ‘ची’ आहे. चिनी परंपरेतल्या प्राणशक्तीचे हे नाव ‘क्यू’ आणि ‘आय’ एवढ्यावर लिहिले जाते. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात ‘क्यू’ची सोंगटी एकच, दहा गुणांची, ‘यू’च्या चार. त्या चार संपल्या म्हणून हातातला ‘क्यू’ वाया गेला असे समजणारा खेळाडू निष्कारण हरतो.

या यादीतले बरेच शब्द मराठी वाचकाला शब्दकोशाशिवाय कळतात. फकीर, तलाक, काझी, वक्फ हे अरबी शब्द बहुतांशी फारसीच्या वाटेने मराठीत आले. मूळ अरबीत त्यांत ‘काफ’ हे अक्षर आहे. त्याचा उच्चार घशात खोलवर होतो. मराठीने तो साध्या ‘क’मध्ये मिसळून टाकला. इंग्रजीत दोन्ही प्रकार झाले: जुन्या प्रवासवर्णनांतून आलेला फकीर ‘के’ने लिहिला गेला, तर अरबी लिपीशी इमान राखणाऱ्यांनी ‘क्यू’ वापरला. आजच्या कोशांत दोन्ही स्पेलिंगे शेजारी दिसतात. यादीतला कनात मात्र समजावून सांगावा लागतो: तो म्हणजे डोंगरपायथ्याचे भूजल उताराने गावापर्यंत आणणारा भुयारी कालवा. इराणमधल्या अशा कालव्यांना 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची.

अरबी ‘काफ’साठी ‘क्यू’च का निवडला, याला कारण आहे. दोन्ही अक्षरांचा पूर्वज एकच, फिनिशियन लिपीतले ‘कोफ’. ते एका बाजूला अरामी लिपीमार्फत अरबीत गेले, दुसऱ्या बाजूला ग्रीकांमार्फत इटलीतल्या एट्रुस्कन लोकांकडे. एट्रुस्कन लेखक एकाच ‘क’ ध्वनीसाठी पुढचा स्वर पाहून तीन अक्षरे वापरत, ‘यू’पूर्वी ‘क्यू’. रोमनांनी ती सवय उचलली, आणि लॅटिनमध्ये ‘क्यू’ व ‘यू’ यांची जोडी ‘क्व’ या उच्चारासाठी पक्की झाली. नियमाचा उगम एवढाच. तो इंग्रजीचा स्वभाव नव्हे, लॅटिन लिहिणाऱ्यांची रीत आहे.

तरीही एक आक्षेप हटकून घेतला जातो: हे सगळे परके शब्द, खरे इंग्रजी नव्हेत. हा आक्षेप घेणारे ‘क्वीन’कडे बोट दाखवतात आणि तिथेच फसतात. जुन्या इंग्रजीत हा शब्द चारच अक्षरांचा होता: सी, डब्ल्यू, ई, एन. ‘क्विक’ही तसाच, ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या दोन-अडीच शतकांत फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी हे सगळे शब्द ‘क्यू’ आणि ‘यू’ घालून नव्याने लिहिले. म्हणजे ज्या जोडीला अस्सल इंग्रजी म्हणून मिरवले जाते, तीच बाहेरून आलेली. परकेपणा हा निकष लावायचा तर पहिला बळी त्या नियमाचाच जाईल. शिवाय सगळे अपवाद परके नाहीतच. ट्रँक हे ट्रँक्विलायझरचे बोलीतले आखूड रूप, इंग्रजीतच घडलेले. ‘यू’च्या आधीच शब्द तोडला आणि ‘क्यू’ टोकाला उरला.

इथे आणखी एक गफलत होते. ‘यू नसलेला शब्द’ आणि ‘क्यूच्या लगेच पुढे यू नसलेला शब्द’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुरखा आणि उमियाक (इन्युइटांची कातडी होडी) यांच्या स्पेलिंगात ‘यू’ आहे, पण तो ‘क्यू’च्या आधी. नियम मोडायला तेवढे पुरते. सोंगट्यांत ‘यू’ नसलेल्या खेळाडूला मात्र हे दोन्ही शब्द निरुपयोगी. अनेक तयार याद्या हा भेद पाळत नाहीत.

याच घराण्यातले इतर गैरसमज लवकर निकालात निघतात. स्वराशिवाय इंग्रजी शब्द सहसा होत नाही, हे खरे. पण ए, ई, आय, ओ, यू यांच्याशिवाय होतो. निम्फ, क्रिप्ट, लिम्फ, ट्रिस्ट या पाच अक्षरी शब्दांत ‘वाय’ स्वराचे काम करतो. इंग्रजी शब्द ‘जे’वर संपत नाही, हेही खोटे: राज, ताज, हज आणि स्वराज कोशांत आहेत. ‘सी’ नसेल तर ‘ई’आधी ‘आय’ हा नियम वीअर्ड, सीझ आणि देअर या नेहमीच्या पाच अक्षरी शब्दांतच कोसळतो. 2009 मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेनेही तो शिकवण्याच्या लायकीचा नाही असे म्हटले. वर्डल या शब्दखेळात उत्तर म्हणून येतात तेवढेच पाच अक्षरी शब्द इंग्रजीत आहेत, असेही काही जण मानतात. जॉश वॉर्डलच्या मूळ खेळात उत्तरांसाठी 2,315 शब्द होते, पण अंदाज म्हणून सुमारे 13 हजार शब्द चालत. ओळखीचे शब्द निवडून ती छोटी यादी त्याची जोडीदार पलक शाह हिने केली होती.

शेवटचा गैरसमज कोड्याच्या रूपात फिरतो: जी, आर, वाय या तीन अक्षरांवर संपणारे इंग्रजी शब्द तीनच, अँग्री आणि हंग्री हे दोन, तर तिसरा कोणता? 1975 च्या सुमारास अमेरिकेत पसरलेल्या या कोड्याने कित्येक लोकांना कोश चाळायला लावले. मोठ्या कोशांत आणखी शब्द सापडतात. त्यांतला पाच अक्षरी ‘अ‍ॅग्री’ हे घानाच्या परिसरात सापडणाऱ्या जुन्या मण्यांचे नाव आहे. रोजच्या वापरातला तिसरा शब्द मात्र अस्तित्वातच नाही, आणि तो शोधण्यात कोणी वेळ घालवू नये.