भेटीचा रविवार ऐनवेळी बदलला तर

आई-वडील विभक्त झाले, की कौटुंबिक न्यायालय मुलाच्या भेटीचे दिवस ठरवून देते. घोटाळा होतो तो ऐनवेळी. साधी सर्दी असेल तर भेट रद्द करू नये. औषध, मात्रा व वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी. (खोटे सर्टिफिकेट मागायला आम्हा डॉक्टरांकडे येऊ नये!) ताप, उलट्या असतील तर सकाळीच कळवावे आणि त्याच फोनवर पुढचा दिवस ठरवावा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची भेट संध्याकाळी केलेली बरी.

ताबा नसलेल्या पालकाला फोनवर, व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा येणे जमत नसेल तर बाबांनी स्वतःच मुलाला तसे सांगावे. कपडे घालून दाराशी बसलेल्या मुलाचे पोट दुखू लागते, ते सोंग नसते.