पाठ दुखावली असेल तर उडी नको

दिल्ली परिसरातल्या फरीदाबाद-असोला पट्ट्यात अरावलीतल्या बंद खाणींत पाणी साचून खोल तळी झाली आहेत. कड्यावरून त्यांत उड्या मारणारी मुलं पाहून जीव धास्तावतो. १० मीटरवरून पाण्यावर आदळताना वेग ताशी सुमारे ५० किमी असतो. पाय आधी टेकले तरी धक्का थेट कण्यात चढतो. छाती आणि कंबर जुळते तिथला मणका चेपू शकतो. स्क्रू-सळ्यांनी मणके जोडलेले असतील, तर वरच्या-खालच्या मणक्यांवर जादा भार पडतो. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही. उडीआधी सर्जनचा स्पष्ट होकार हवाच. उडीनंतर पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मान-पाठ अजिबात न वळवता ११२ ला फोन करा. पाठीच्या कण्यासाठीचं खास रुग्णालय, इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर, दिल्लीतच वसंत कुंजला आहे.