श्यामचा ग्रुप

साने गुरुजी म्हटलं की काय आठवतं? शाळेतला धडा, डोळे पुसणारी आजी आणि बक्षीस समारंभात हमखास मिळणारं 'श्यामची आई'. गुरुजी म्हणजे एका कोपऱ्यात बसून हळवं हळवं लिहिणारा एकटा माणूस, अशीच आपल्यापैकी बहुतेकांची कल्पना असते. मध्यंतरी मी जळगावहून अमळनेर आणि तिथून धुळे असा फेरफटका मारला, आणि या चित्रातला 'एकटा' हा शब्द तिथेच गळून पडला. हा लेखक कायम माणसांच्या गराड्यात लिहीत होता!

होस्टेलचा पेपर

गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे. अमळनेरला ते आले तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरापासून लांब राहणारी मुलं, त्यांची आजारपणं, त्यांचे मळके कपडे, सगळं गुरुजी बघायचे. शिवाय मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, चक्क हाताने लिहून. ना छापखाना, ना मानधन. पण वाचक कसे? सकाळी लिहिलेलं आवडलं की नाही, हे संध्याकाळी पंगतीत शेजारच्या ताटावर कळणार! मुलांशी बोलल्यासारखी ती साधी, सरळ भाषा इथेच घोटली गेली असं मला वाटतं.

रविवारची मैफल

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट त्रिचनापल्ली. तिथल्या दक्षिणेतल्या सोबत्यांमुळे तमिळ साहित्याची ओढ लागली आणि पुढे 'कुरल' मराठीत आलं.

१९३२ मध्ये पुन्हा धुळे. या वेळी सोबत होते विनोबा भावे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे सलग अठरा रविवार विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते लिहून घेतलं. तीच आजची 'गीता प्रवचने'. बोलणारा ३६ वर्षांचा, लिहिणारा ३२चा. म्हणजे आपल्याच ऑफिसातल्या टीम लीडरच्या वयाची ही मंडळी! स्वतःचं लेखन बाजूला ठेवून मित्राचा शब्द न् शब्द जपायचा, याला मैत्री नाही तर काय म्हणायचं?

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत, 'श्यामची आई'चा बराचसा भाग लिहून झाला. पुस्तकाची रचना बघा. प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, बेचाळीस. प्रार्थना झाल्यावर श्याम बोलतोय आणि आश्रमातले मित्र गोल करून ऐकतायत. आई एकट्या श्यामची, पण तिची गोष्ट ऐकायला अख्खा ग्रुप हजर.

मित्र असूनही

एक गोष्ट मात्र टोचत राहते. १५ ऑगस्ट १९४८ ला गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. एसेम जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारखे जिवाभावाचे सोबती होते. तरीही ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःहून आयुष्य संपवलं. इतकी माणसं भोवती असलेला माणूस आतून एकटा पडू शकतो. फोनमध्ये हजारभर नंबर असलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण मित्रांनी काम थांबू दिलं नाही. 'साधना' पुढे यदुनाथ थत्ते यांनी अनेक वर्षं सांभाळलं. ते आजही पुण्याहून निघतं. प्रकाशभाई मोहाडीकरांनी १९५१ मध्ये साने गुरुजी कथामाला सुरू केली. तिचं काम एकच, मुलांना जमवून गोष्टी सांगायच्या. म्हणजे छात्रालयातली ती बैठक अजून मोडलेली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं मराठी साहित्य संमेलन अमळनेरलाच झालं. तेव्हा गेला नसाल, तर एखाद्या वीकेंडला जाऊन या. तत्त्वज्ञान मंदिर बघा, भरीत-कळण्याची भाकरी हाणा. आणि जाताना एकटे जाऊ नका. ज्याला बरेच दिवस फोन केलेला नाही, असा एक मित्र सोबत घ्या.